प्रवासी ट्रेलरमधील प्लॅस्टिकचे भाग : दुरुस्ती, रंगकाम आणि इतिहासाचा पुरावा

१. विषयप्रवेश

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग कात्रजचा डोंगर ओलांडून शिवगंगा नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि खेड-शिवापूर मागे टाकून नसरापूरच्या दिशेने जाऊ लागतो. याच पट्ट्यात भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे गाव वसले आहे. 'बुद्रुक' हा शब्द फारसीतील 'बुजुर्ग' या शब्दापासून आला असून तो थोरले गाव दर्शवितो. धाकटे ते 'खुर्द'. इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष या परिसरात साहजिकच राजगड-तोरण्याकडे, नसरापूरजवळच्या बनेश्वराकडे अथवा १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालेल्या भोर संस्थानाच्या दप्तराकडे जाते. गावाजवळून जाणारा रस्ता मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. वास्तविक, रस्ता हेही इतिहासाचे एक साधन होय. या रस्त्याने बैलगाडी आणि टांगा गेला, लाकडी बांध्याची एस. टी. गेली, पत्र्याच्या बांध्याचे ट्रक गेले. आणि आज पुणे-कोल्हापूर-बेंगळूर मार्गावरील खाजगी आरामगाड्या ज्या दर्शनी मुखवट्यासह धावतात, तो मुखवटा बहुधा काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकचा, म्हणजे कारागिरांच्या बोलीत 'फायबरचा', असतो.

लाकूड, लोखंड, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक हा क्रम केवळ तंत्रज्ञानाचा नव्हे. तो दुरुस्तीच्या विद्येचाही क्रम आहे. सुताराची विद्या शतकानुशतके मुरलेली आहे. लोहाराची व पत्र्याचे काम करणाऱ्याची विद्याही जुनी आहे. प्लॅस्टिकच्या दुरुस्तीची विद्या मात्र अवघ्या दोन-तीन पिढ्यांची असून ती बहुतांशी अलिखित आहे. ही विद्या अधिकांत अधिक कसाला लागली ती जुन्या प्रवासी ट्रेलरांच्या बाबतीत. मोटारीच्या मागे जोडून ओढून नेण्याचे चाकांवरील घर म्हणजे प्रवासी ट्रेलर. त्याची परंपरा मुख्यत्वे अमेरिका, कॅनडा व ब्रिटन या देशांत वाढली. आपल्याकडे ती रुजली नाही. तथापि त्या ट्रेलरांच्या दुरुस्तीत जे प्रश्न उभे राहिले, तेच प्रश्न महाराष्ट्रातील जुन्या वाहनांसंबंधी आज उभे राहू लागले आहेत. म्हणून प्रथम त्या परंपरेचा मागोवा घेऊन नंतर पुन्हा या रस्त्याकडे वळणे सोयीचे होईल.

२. धातूच्या घरात प्लॅस्टिकचा प्रवेश

प्रवासी ट्रेलरच्या इतिहासात अमेरिकेतील वॉली बायम याचे नाव अग्रभागी येते. त्याने स्थापिलेली 'एअरस्ट्रीम' ही कंपनी आपला आरंभ १९३१ पासून मोजते. तिचा 'क्लिपर' हा ट्रेलर १९३६ मध्ये बाजारात आला. त्याचा बांधा रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा होता, आणि त्यामागे विमानबांधणीची, विशेषतः हॉली बाउलस या विमानतज्ज्ञाने १९३४ मध्ये केलेल्या ट्रेलरची, प्रेरणा होती. पुढे अशा ट्रेलरांचे तांडे देशोदेशी निघाले. १९५९-६० मध्ये एक तांडा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केप टाउनहून कैरोपर्यंत गेला; आणि बायमच्या निधनानंतर, १९६३-६४ मध्ये, सिंगापूरहून निघालेला दुसरा तांडा भारतातून प्रवास करून पुढे लिस्बनपर्यंत पोहोचला.

या पहिल्या पिढीच्या ट्रेलरांत प्लॅस्टिकचे प्रमाण अल्प होते. आतील भिंती, कपाटे, पलंग ही सारी लाकडाची वा पत्र्याची असत. दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. वस्तुतः साच्यात घालून हवा तो आकार देता येणारा पदार्थ मानवाला नवा नव्हता. भारतातील लाख हा असाच एक निसर्गसिद्ध पदार्थ. ध्वनिमुद्रिकांच्या जुन्या तबकड्या लाखेच्याच मिश्रणाच्या असत, आणि सावंतवाडीच्या रंगीत लाकडी वस्तूंवरील झिलईही लाखेचीच. १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड, १९०७ मध्ये लिओ बेकलंडचे बेकेलाइट, १९३० नंतरच्या दशकात पॉलिस्टायरीन व ॲक्रिलिक असा हा क्रम वाढत गेला. काचतंतू व पॉलिएस्टर रेझीन यांचा संयोग युद्धकाळात सिद्ध झाला, आणि १९५३ मध्ये 'शेव्हरोले कॉर्व्हेट' या मोटारीचा संपूर्ण बांधा त्याचा करण्यात आला. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन व स्टायरीन या तीन घटकांपासून बनणारे ए. बी. एस. हे प्लॅस्टिक १९५० नंतरच्या दशकात व्यापारी प्रमाणावर मिळू लागले.

ट्रेलरच्या कारखानदारांना या पदार्थांचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविक होते. वजन कमी झाले की ओढणाऱ्या मोटारीवरील भार कमी होतो. आणि तापवून मऊ केलेला ए. बी. एस.चा पत्रा साच्यावर निर्वाताने ओढून घेतला की गोलाईदार भिंत, न्हाणीचे तबक अथवा चाकावरील आच्छादन एका दमात तयार होते. १९७० च्या आगेमागे एअरस्ट्रीमच्या अंतर्भागातही अशा साचेबंद भागांनी मोठी जागा व्यापली. कॅनडात तर याहून मोठे पाऊल पडले. विनिपेग येथे १९६८ मध्ये 'बोलर' नावाचा लहानसा ट्रेलर निघाला. त्याचा कल्पक रे ओलेको याने त्याआधी काचतंतूंच्या प्लॅस्टिकची मलकुंडी तयार केली होती. जे द्रव्य जमिनीत पाणी धरून ठेवते ते रस्त्यावर पाऊस बाहेर ठेवील, हा विचार त्यास सुचला. बोलरचा बांधा वरील व खालील अशा दोन कवचांचा असून ती कवचे मध्यावर कंबरपट्ट्यासारखी जोडलेली असत. येथे प्लॅस्टिक हा घराचा एक भाग न राहता घरच प्लॅस्टिकचे झाले.

३. सर्वांत तरुण द्रव्य सर्वांआधी का जाते ?

पन्नास वर्षांनंतर या ट्रेलरांची पाहणी केली असता एक विपरीत गोष्ट दिसते. ॲल्युमिनियमचा पत्रा बहुधा शाबूत असतो, पोलादी चौकट गंजली तरी जोडता येते; मात्र त्या काळचे जे सर्वांत आधुनिक द्रव्य, तेच पिवळे पडून तडकलेले असते. याची कारणे तीन प्रकारची आहेत.

पहिले कारण रासायनिक. ए. बी. एस.ला चिवटपणा येतो तो ब्युटाडाइनच्या रबरी अंशामुळे. या अंशातील दुहेरी बंध सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण व हवेतील ऑक्सिजन यांच्या योगे तुटतात. परिणामी पृष्ठभाग प्रथम पिवळा होतो, मग ठिसूळ होतो, आणि त्यावर सूक्ष्म भेगांचे जाळे उमटते. जो घटक गुणकारी म्हणून योजिला, तोच नाशाचे द्वार ठरतो.

दुसरे कारण भौतिक. तापमान वाढले की ए. बी. एस. हे ॲल्युमिनियमच्या तिप्पट-चौपट प्रसरण पावते. तीन मीटर लांबीचा ए. बी. एस.चा भाग तापमानातील ३० अंश सेल्सियसच्या फरकाने सुमारे सात मिलिमीटर वाढतो. तेवढीच ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे दोन मिलिमीटरच वाढते. दोहोंना एकाच स्क्रूने घट्ट आवळले असेल तर दर दिवसाच्या उन्हाने व दर रात्रीच्या गारव्याने त्या भोकाभोवती ताण पडतो. म्हणून जुन्या ट्रेलरांतील बहुसंख्य तडे स्क्रूच्या भोकापासूनच निघालेले आढळतात. तडा कोठून निघाला हे पाहिल्यावाचून तो बुजविणे म्हणजे रोगाचे निदान न करता औषध देणे होय.

तिसरे कारण मानवी असून इतिहासाच्या दृष्टीने तेच अधिक उद्‌बोधक आहे. मालकांनी व कारागिरांनी प्लॅस्टिकला धातूप्रमाणे वागविले. धातूवर चालणारे तीव्र थिनर त्यावर फासले, धातूचा रंग मारला, निखळलेला भाग अधिक जोराने आवळला. त्यामुळे कित्येक भाग काळाने जेवढे बिघडले त्याहून अधिक दुरुस्तीने बिघडले.

४. द्रव्याची ओळख

प्लॅस्टिक हे एका पदार्थाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. एकाच ट्रेलरमध्ये आतील भिंत ए. बी. एस.ची, दिव्याचे भिंग ॲक्रिलिकचे, पाण्याची टाकी पॉलिएथिलीनची, खिडकीची झालर पी. व्ही. सी.ची आणि बाहेरील कवच काचतंतूंच्या पॉलिएस्टरचे असू शकते. या पाचांवर एकच उपाय चालत नाही. आजच्या वस्तूंवर त्रिकोणात आकडा घालून द्रव्याची खूण केलेली असते. परंतु ही पद्धत अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये सुरू केली. त्यापूर्वीच्या भागांवर ती खूण नसते. सबब जुना भाग हाती आला की त्याची परीक्षा करणे अवश्य ठरते.

ही परीक्षा गॅरेजमध्येही करता येते. भागाच्या दडलेल्या कडेचा लहानसा कपटा पाण्यात टाकला असता तो तरंगला, तर ते पॉलिएथिलीन अथवा पॉलिप्रॉपिलीन असण्याचा संभव मोठा, ए. बी. एस., पॉलिस्टायरीन, ॲक्रिलिक व पी. व्ही. सी. ही बुडतात. न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा एक थेंब टाकला असता ए. बी. एस. वा पॉलिस्टायरीन चिकट होते. पॉलिएथिलीनवर काहीच परिणाम होत नाही. मागील बाजूस काचेच्या तंतूंची वीण दिसली तर ते फायबर होय. एवढ्या तीन खुणांनी बहुतेक वेळा निर्णय लागतो.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्यास परिचित अशी एक गोष्ट दिसून येईल. कागद कोणत्या काळचा, शाई कोणती, हस्ताक्षर कोणाचे हे ठरविल्यावाचून दस्तऐवजाचा अर्थ लावू नये, हा साधनचिकित्सेचा पहिला नियम आहे. कारागीर कपटा पाण्यात टाकतो तेव्हा तोही साधनचिकित्साच करीत असतो.

५. दुरुस्तीची रीत

ओळख पटल्यानंतर दुरुस्तीचा मार्ग त्या द्रव्याच्या स्वभावावरून ठरतो. ए. बी. एस.च्या बाबतीत उत्तम रीत अशी की, त्याच प्लॅस्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून मधासारखी लापशी करावी. तड्याच्या दोन्ही टोकांस बारीक भोक पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग तड्याच्या कडा इंग्रजी 'व्ही'च्या आकारात खरवडून मागील बाजूने काचतंतूंची जाळी त्या लापशीत बसवावी आणि दर्शनी बाजूने थराथराने भर घालावी. विद्रावक उडून गेल्यावर भर आणि मूळ भाग एकजीव होतात. कारण तो सांधा चिकटविलेला नसून एकाच द्रव्याने भरून आलेला असतो. पातळ थर द्यावेत व प्रत्येक थरास पूर्ण वाळू द्यावे, नाहीतर अडकलेला विद्रावक पुढे बुडबुडे काढतो.

काचतंतूंच्या कवचाची रीत निराळी. तेथे तुटलेला भाग चोहोबाजूंनी उतरता घासून पॉलिएस्टर अथवा इपॉक्सी रेझीनमध्ये भिजविलेल्या मॅटचे थर चढवावे लागतात. मोटारीच्या पत्र्यावर 'लांबी' भरण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, ती येथे केवळ वरवरचा खड्डा बुजविण्यापुरती उपयोगी पडते. लांबीला ताण सोसण्याचे बळ नसते. पॉलिएथिलीनच्या टाकीवर मात्र लांबीही टिकत नाही आणि गोंदही धरत नाही. तेथे त्याच द्रव्याची कांडी गरम हवेने वितळवून सांधणे हाच मार्ग उरतो.

भाग परत बसवितानाही सावधगिरी हवी. स्क्रूची भोके लांबट करून खाली रुंद वायसर ठेवला आणि स्क्रू किंचित सैल राखला, तर प्लॅस्टिकला वाढण्यास व आकसण्यास वाव मिळतो. मूळ कारखानदाराने हा वाव ठेवला नसेल तर तसे करणे मूळ रचनेत बदल ठरतो, हे खरे; परंतु त्या बदलावाचून भाग टिकणार नाही. असा बदल करावा आणि त्याची नोंद ठेवावी, हा त्यावरील तोडगा होय.

६. रंग : उत्तरकालीन लेख

रंगकामाचा विचार करताना एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. लाकडी वा लोखंडी गाडीला रंग कारखान्यातच लागत असे. रंग हा तिच्या मूळ रूपाचा अंश होता. ट्रेलरच्या अंतर्भागातील साचेबंद प्लॅस्टिकची गोष्ट बहुधा तशी नव्हती. त्याचा रंग द्रव्यातच मिसळलेला असे. फायबरच्या कवचाचाही रंग त्याच्या बाह्य थरात, ज्यास 'जेलकोट' म्हणतात त्यात, कालविलेला असे. रंगाऱ्याची गरज पडू नये हाच या द्रव्याच्या प्रचारामागील एक मोठा मुद्दा होता.

यावरून एक महत्त्वाचे अनुमान निघते. जुन्या ट्रेलरच्या अशा भागावर आज ब्रशाने वा फवाऱ्याने दिलेला रंग दिसला, तर तो बहुतेक वेळा मूळचा नसून नंतरच्या काळात लागलेला असतो. ताम्रपटावर मागाहून कोरलेल्या ओळीसारखा तो एक उत्तरकालीन लेख होय. तो केव्हा लागला, कोणी लावला, पिवळेपणा झाकण्यासाठी की आवड पालटली म्हणून, हे प्रश्न त्यातून उद्‌भवतात. कडेचा एक छोटा भाग बारीक पॉलिशपेपरने उतरता घासला असता थरांची वर्तुळे उघडी पडतात आणि त्यांचा क्रम वाचता येतो. रंग देण्यापूर्वी एवढे करून छायाचित्र घेणे हे काही मिनिटांचे काम आहे. ते न केल्यास तो पुरावा कायमचा नष्ट होतो.

पिवळेपणा घालविण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड व जंबुपार प्रकाश यांचा उपयोग करण्याची रीत अलीकडे प्रचारात आहे. तीमुळे पृष्ठभाग उजळतो हे खरे. परंतु तुटलेले बंध पुन्हा जुळत नाहीत, ठिसूळपणा जात नाही, आणि पिवळेपणाही पुष्कळदा परत येतो. म्हणून ज्या भागावर ऊन पडत राहणार, त्यावर योग्य रंगाचा थर देणे हे केवळ शोभेचे काम नाही. तो थर जंबुपार किरणांना अडवितो आणि खालील द्रव्याचे आयुष्य वाढवितो.

रंग टिकण्याचे रहस्य पूर्वतयारीत आहे. प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन वर्षानुवर्षांचे मेण, तेल व सिलिकोनयुक्त पॉलिश काढावे. घासण्याआधीच ते काढावे, कारण घासण्याने ते ओरखड्यांत शिरते. नंतर ३२० ते ४०० क्रमांकाच्या पेपरने पृष्ठभाग हलका खरखरीत करावा, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. प्लॅस्टिकसाठी बनविलेल्या प्रायमरचा पातळ थर द्यावा; पॉलिप्रॉपिलीनसारख्या निसरड्या द्रव्यास तर चिकटवृद्धी करणारा स्वतंत्र थर अनिवार्य असतो. तीव्र थिनर ए. बी. एस., पॉलिस्टायरीन व ॲक्रिलिक यांत भेगा पाडतो, म्हणून रंगाची परीक्षा आधी मागील बाजूस घ्यावी. लवचीक भागावरील रंगही लवचीक असावा. हार्डनर मिसळून वापरावयाचे पॉलियुरेथेन रंग अत्यंत टिकाऊ खरे, पण त्यांतील आयसोसायनेटांनी फुप्फुसांस कायमची इजा होऊ शकते. ताज्या हवेचा पुरवठा करणारा मुखवटा नसेल तर ते फवारू नयेत. नाकातोंडाला रुमाल बांधून फवारा मारणारा रंगारी आपल्याकडील रस्त्यांवर आजही दिसतो. दुरुस्तीच्या इतिहासाची किंमत कोणी मोजली, हे सांगताना त्याचाही उल्लेख केला पाहिजे.

७. सत्यतेचा प्रश्न

जुना भाग दुरुस्त करावा की नवा बसवावा, हा वाद केवळ ट्रेलरांपुरता नाही. वास्तूंच्या संदर्भात त्याचा ऊहापोह फार पूर्वी झाला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने असे तत्त्व घालून दिले की, गमावलेल्या अंशाच्या जागी जे नवे बसवावयाचे ते समग्र वास्तूशी सुसंगत असावे, तथापि मूळापासून ओळखू येईल असेही असावे. प्लॅस्टिकच्या वस्तूंकडे संग्रहालयांचे लक्ष मात्र उशिरा वळले. १९९१ मध्ये ओटावा येथे विसाव्या शतकातील द्रव्यांच्या जतनावर परिषद भरली, तेव्हा प्लॅस्टिक टिकाऊ असते हा समज किती भ्रामक आहे हे अभ्यासकांना स्पष्टपणे दिसून आले. ऐतिहासिक वाहनांपुरती तत्त्वे जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्यूरिन सनदेत आली. ती २०१३ पासून प्रचारात आहे. वाहनात शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा, बदललेल्या भागांवर टिकाऊ खूण करावी आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, हा तिचा सारांश. वाहन चालते राहणे हेही तिला अभिप्रेत आहे, ही गोष्ट विशेष होय. कारण उभी राहिलेली गाडी ही गाडीच्या इतिहासाचा अर्धाच भाग सांगते.

ही तत्त्वे प्लॅस्टिकला लावताना एक अडचण येते. लोखंडी भाग दुरुस्त केल्यास तो बहुतांशी मूळचाच राहतो, ए. बी. एस.चा भाग विद्रावकाने सांधल्यावर मूळ आणि नवे यांची सीमारेषाच पुसली जाते. दुरुस्ती जितकी उत्तम, तितका पुरावा अदृश्य. अशा ठिकाणी वस्तू स्वतः साक्ष देऊ शकत नाही. तिच्याविषयीची नोंदच साक्ष देते. मागील बाजूस तारीख व वापरलेले द्रव्य लिहून ठेवणे, कामाआधीची व नंतरची छायाचित्रे जपणे, मूळ द्रव्याचा एक कपटा पाकिटात घालून ठेवणे, या साध्या गोष्टींनी ती उणीव भरून निघते. कारागिराने हे केले तर तो त्या वस्तूचा पहिला इतिहासकार ठरतो. न केले तर पुढील इतिहासकाराच्या हाती तर्काखेरीज काही राहत नाही.

८. महाराष्ट्राच्या रस्त्यावर

आता वरव्याच्या रस्त्याकडे परत येता येईल. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. तिचा बांधा लाकडी होता. नंतर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे बांधे आले, आणि २०१८ च्या सुमारास जुन्या सांगाड्यांवर मृदू पोलादाचे बांधे चढविण्यास सुरुवात झाली. महामंडळाची दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांची परंपरा या स्थित्यंतरांशी निगडित आहे. एखाद्या द्रव्याच्या जागी दुसरे आले म्हणजे जुन्या कारागिरांची विद्या निरुपयोगी होते आणि बहुधा लिहून न ठेवताच लोप पावते. लाकडी बांध्याची विद्या कितपत नोंदली गेली, हा प्रश्न विचारण्याची वेळ जवळजवळ निघून गेली आहे. प्लॅस्टिकच्या बाबतीत ती अद्याप निघून गेलेली नाही.

भारतात पॉलिस्टायरीनचे उत्पादन १९५७ मध्ये, पी. व्ही. सी.चे १९६१ मध्ये आणि अधिक घनतेच्या पॉलिएथिलीनचे १९६८ मध्ये सुरू झाले. या उद्योगाच्या आरंभकाळात मुंबई परिसराचा वाटा मोठा होता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन १९५० मध्ये झाले, आणि बहुवारिकांचे संशोधन हे तिच्या प्रमुख कार्यक्षेत्रांपैकी एक ठरले. म्हणजे वरव्यापासून काही कोसांच्या अंतरावर या द्रव्यांचे शास्त्र वाढत होते. त्याच द्रव्यांची दुरुस्ती महामार्गांच्या कडेला निव्वळ हाताच्या अनुभवाने शिकली जात होती. तुटलेला फायबरचा मुखवटा मागून मॅट लावून जोडणारा, फुटलेल्या दिव्याचे भिंग सांधणारा, गरम कांडीने टाकी जोडणारा कारागीर प्रयोगशाळेत कधी गेला नाही, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात त्याच्या युक्त्यांना सहसा स्थान मिळाले नाही. या दोन विद्यांची गाठ इतिहासाच्या अभ्यासकास घालून देता येईल.

हा विषय तातडीचा होण्यास दोन कारणे घडली आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, प्रथम नोंदणीस पन्नासांहून अधिक वर्षे झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. वाहन मूळ रूपात असावे, त्याच्या सांगाड्यात, बांध्यात अथवा एंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यातील अट आहे. लोखंडी गाड्यांपुरता 'मूळ रूप' या शब्दांचा अर्थ बराचसा स्पष्ट आहे. परंतु १९७०-८० नंतरच्या, प्लॅस्टिकचा भरपूर वापर असलेल्या गाड्या जसजशा पन्नाशी गाठतील, तसतसे त्यांच्या बाबतीत मूळ रूप कोणते, हे ठरविण्यास मोल्डिंगच्या मूळ रंगाची आणि द्रव्याची माहिती लागेल. ती माहिती आज संकलित झाली नाही तर तेव्हा मिळणार नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा एखादी सर्वत्र दिसणारी गाडी किती लवकर दुर्मिळ होते, याचा प्रत्यय आला. दुसरे कारण असे की, महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. चाकांवरील घराची कल्पना अशा रीतीने आपल्याकडेही आली आहे, आणि त्या घराचा अंतर्भाग आज प्लॅस्टिकवाचून बांधता येत नाही. अमेरिकेतील ट्रेलरांस पन्नास वर्षांनंतर जो अनुभव आला तो येथील ऊन-पावसात अधिक लवकर येण्याचा संभव आहे.

९. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, प्लॅस्टिक हे स्थिर द्रव्य नसून त्याचे आयुष्य त्याच्या रचनेतच ठरलेले असते. म्हणून त्याचा इतिहास लिहिताना निर्मितीइतकाच जरेचाही विचार केला पाहिजे. दोन, साचेबंद प्लॅस्टिकवरील रंग आणि सांधे हे बहुधा नंतरच्या काळाचे लेख असून ते पुसण्यापूर्वी वाचले पाहिजेत. तीन, या लेखांचा कर्ता जो कारागीर, त्याची विद्या अलिखित असल्यामुळे ती त्याच्या तोंडून नोंदवून घेणे हे संशोधनाचे काम आहे.

तिसऱ्या गोष्टीसाठी परदेशी जाण्याची वा मोठ्या खर्चाची जरुरी नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने पुणे-सातारा महामार्गाच्या एका टप्प्यात, कात्रजपासून नीरेपर्यंत म्हणा, रस्त्याकडेच्या दुरुस्तीच्या दुकानांत बसून कोणते द्रव्य कशाने ओळखतात, कशाने सांधतात, कशाने रंगवितात आणि ही रीत कोणाकडून शिकले, एवढे चार प्रश्न विचारले तरी एक नवे दप्तर तयार होईल. किल्ल्यांची व दप्तरांची कागदपत्रे पुढील पिढीसाठी सुरक्षित आहेत. त्याच किल्ल्यांच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला, हातातील फवारा खाली ठेवून उत्तर देऊ शकणारा माणूस मात्र आज आहे; तो आहे तोवरच त्यास विचारले पाहिजे.